चहाबिहा आणि हॉटेल बिल

पुण्यातून निघणाऱ्या मासिकात पुणे सापडेना. म्हणजे सापडत होतं, पण फारच थोडं. शोधखिडकीत ‘पुणे’ टाईप करून एंटर दाबलं, तर पत्त्यांमधलं पुणे ३० मिळालं, प्रस्तावनांच्या खाली तारखेशेजारी बसलेलं पुणे मिळालं, एखादं पुणेरी पागोटं आणि बरेच पुणेकर हाती लागले. पण ज्या पुण्यात माणसं राहतात, ज्या पुण्याला नावं ठेवतात आणि ज्या पुण्याहून नाइलाजाने निघतात, ते पुणे यादीत नव्हतं. कारण उघड आहे. मराठीत प्रत्यय जवळ आला की गाव अंग चोरून घेतं. एकटं असेतो पुणे, ‘त’ किंवा ‘ला’ दिसला की लगेच पुण्या. शाळेत याला सामान्यरूप म्हणायचे आणि परीक्षेपुरतं ते पाठ करायचं असायचं. सामान्यरूप आयुष्यात पुन्हा असं आडवं येईल असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मग नुसतं ‘पुण’ टाकून पाहिलं. आता सगळंच आलं. पुणे आलं, पुण्यात आलं, आणि त्यांचं बोट धरून निपुण कारागीर आले, अभिनयनैपुण्य आलं, पुण्यतिथ्या आल्या, पापाच्या शेजारी नेमाने बसणारं पुण्य आलं. यादी इतकी लांबली की ती वाचण्यापेक्षा अंकच वाचून काढलेले बरे.

आमच्या मासिकाच्या जुन्या अंकांची स्थलसूची करायचं काम माझ्याकडे आलं होतं. कोणत्या लेखात कोणतं गाव, एवढंच. हे काम पूर्वी कार्डांवर व्हायचं, चपलांच्या रिकाम्या खोक्यांत अकारविल्हे लावलेल्या कार्डांवर, आणि ती करणारी माणसं सूचीकार म्हणून आदराने ओळखली जायची. माझ्याकडे खोकी नव्हती. एक लॅपटॉप होता आणि हिंजवडीला नोकरी करणारा एक भाचा होता. त्याने एका रविवारी माझ्या लॅपटॉपवर पायथॉन ही संगणकभाषा चढवली, काळ्या खिडकीत दोन ओळी लिहून दाखवल्या आणि म्हणाला, “पुण लिही, मावशी. पुढे कंस कर. कंसात पहिला पर्याय मात्रा. मग उभी रेघ. दुसरा पर्याय, ‘ण’चा पाय मोडून ‘य’ला काना. झालं.”

याला ते लोक रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात, बोलताना रेजेक्स. निपुण कारागीर त्या एका कंसाने गळून पडले.

मी तोवर जे काही शोधत आले होते ते नावाने शोधत आले होते. इथे नाव सांगायचंच नव्हतं, वर्णन सांगायचं होतं. आणि न पाहिलेल्याचं, अजून न भेटलेल्याचं नेमकं वर्णन करायची सवय मराठी माणसाला पूर्वीपासून आहे. वधू-वर सूचक मंडळाची वही उघडा. उंची पाच-चार ते पाच-आठ, हा झाला चौकटी कंस, मधल्या आडव्या रेघेसकट. बी.ई. किंवा सी.ए., ही उभी रेघ. चष्मा असल्यास चालेल, हे प्रश्नचिन्ह. रेजेक्समध्ये अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की त्याचा अर्थ तोच होतो, असलं तर असू दे, नसलं तर अडत नाही. पत्रिका पाहत नाही, हे टिंब. आणि शेवटी ते कुप्रसिद्ध ‘क्षमस्व’, म्हणजे चौकटी कंसाच्या आरंभी टोपी चढवून सांगितलेलं, की हे सोडून कुणीही. जाहिरात देणाऱ्याला ठाऊक नसतं की कोण येणार आहे, पण जो येईल तो कुठल्या फटीतून आत येईल ती फट त्याने कापून ठेवलेली असते. मागणी जितकी मोघम तितकी गर्दी, जितकी काटेकोर तितकं घर रिकामं.

या सगळ्या चिन्हांत मला टिंब आवडतं. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. कुठलंही चालेल, पण एक हवंच. रिकामी जागा सोडलेली त्याला चालत नाही. (रिकामी जागा हे एक अक्षर आहे, हे मात्र त्याला चालतं. छापखान्यात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही, तिथे स्पेससुद्धा शिशाची असायची.) तारका त्याहून सैल हाताची. जे आधी सांगितलं ते कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा. टिंबापुढे तारका ठेवली की झालं, काहीही, कितीही, किंवा काहीच नाही. एवढी मोकळीक दिल्यावर जे व्हायचं तेच होतं. एका जुन्या कथेतले संवाद वेगळे काढायचे होते. सुरुवातीचं अवतरणचिन्ह, मग टिंब-तारका, मग शेवटचं अवतरणचिन्ह, असा साचा लिहिला. कथेतली बाई विचारत होती, चहा घेणार का. कथेतला पुरुष म्हणत होता, नको. यंत्राने त्या दोघांचा मिळून एकच संवाद केला. बाईच्या तोंडच्या पहिल्या चिन्हापासून पुरुषाच्या तोंडच्या शेवटच्या चिन्हापर्यंत सगळं उचललं, मधलं ‘तिने खिडकीबाहेर बघत विचारलं’ हेसुद्धा.

प्रोग्रामर मंडळी या स्वभावाला ग्रीडी म्हणतात. तारका आधी ओळ संपेपर्यंत सगळं गिळते आणि मग पुढच्या चिन्हाला जागा मिळावी म्हणून एकेक अक्षर परत करत मागे सरकते. जिथे पहिल्यांदा जमलं तिथे थांबते. म्हणजे शेवटून पहिल्यांदा. तारकेपुढे प्रश्नचिन्ह लावलं की ती आखडता हात घेते, अक्षर अक्षर पुढे जात पहिल्याच अवतरणचिन्हाशी थांबते. बाई आणि पुरुष पुन्हा वेगळे झाले. पण ते मागे सरकणं दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. एका साच्यात अशा दोन-तीन हावऱ्या तारका एकापुढे एक आल्या आणि मजकूर जुळता जुळता राहिला, तर कुणी किती गिळायचं आणि किती परत द्यायचं याच्या जितक्या वाटण्या शक्य आहेत तितक्या यंत्र एकेक करून बघत बसतं. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या जगभरच्या सर्व्हरांचे प्रोसेसर अशाच एका ओळीने अडकवून ठेवले. २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं उघडत नव्हती. ओळीतला घातक तुकडा मोजक्या चिन्हांचा होता, त्यांत टिंब-तारकेची भरती.

टिंबाला एक मर्यादा आहे. वेगळं सांगितल्याशिवाय ते ओळ ओलांडत नाही. त्यामुळे गद्यात हा हावरेपणा परिच्छेदभर पसरतो, कवितेच्या पानावर ओळीच्या टोकाशी आपोआप थांबतो. छंदोबद्ध असो की मुक्तछंद, यंत्राला फरक पडत नाही. कवीने एंटर कुठे मारला एवढंच ते बघतं.

सूचीचं काम खरं तर या शोधाशोधीच्याही आधी सुरू झालं होतं, कारण जुने अंक युनिकोडमध्ये नव्हतेच. कृतिदेव फॉण्टच्या काळातले होते. नव्या वाचकाला हे सांगावं लागतं, की एके काळी संगणकात मराठी नव्हतं, मराठीचं चित्र होतं. आत साठवलेलं असायचं इंग्रजी. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये आतून ई, जे, के, मग कॅपिटल बी आणि एच असा असतो. फॉण्ट काढून घेतला की तेवढंच उरतं. फाईल उघडली तेव्हा एका नामवंत लेखकाचा ललित लेख पडद्यावर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा दिसत होता. अक्षराला अक्षर बदलत नेणं सोपं होतं, तक्ते तयार मिळतात. अडचण होती पहिल्या वेलांटीची.

पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. ‘कि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो का ‘क’, हे माणसागणिक बदलतं. कृतिदेवने डोळ्याचं ऐकलं, वेलांटी आधी. युनिकोडने कानाचं ऐकलं, वेलांटी नंतर. तेव्हा फाईलमधली प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायची. आणि पुढचं अक्षर म्हणजे एकच अक्षर नव्हे. ‘स्थिती’मध्ये तिला अर्ध्या ‘स’वरूनही उडी मारावी लागते. रफाराचं उलटं. तो दिसतो शेवटी आणि उच्चारला जातो आधी. ‘वर्षा’मधला रफार काना ओलांडून, ‘ष’ ओलांडून मागे न्यावा लागतो. रेजेक्समध्ये हे एका ओळीत होतं. वेलांटी पहिल्या कंसात धरायची, तिच्यापुढचं सगळं जोडाक्षर दुसऱ्या कंसात, आणि बदलीच्या जागी लिहायचं आधी दोन, मग एक. ती ओळ चालवली आणि पानभर वेलांट्या एकाच वेळी उठून आपापल्या जागी गेल्या. मी ती ओळ विनाकारण आणखी काही फाईलींवर चालवून पाहिली, नुसतं बघण्यासाठी.

हे सगळं कुणी आणि कशासाठी काढलं असेल, असं मनात येत राहिलं. मला वाटलं होतं, कचेरीच्या कामातून आलं असेल, हिशेबनीसांच्या गरजेतून. तर मूळ निघालं मेंदूत. १९४३ साली वॉरन मॅक्कलक आणि विशीतला वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशींचं एक गणिती चित्र काढलं होतं, पेशी एक तर पेटते किंवा पेटत नाही, बस. १९५१च्या उन्हाळ्यात स्टीफन क्लेनी हा तर्कशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला, रँड कॉर्पोरेशनमध्ये होता. त्याने विचारलं, की अशा पेशींच्या जाळ्याला कुठल्या कुठल्या प्रकारच्या घटना ओळखता येतील? मागून येणाऱ्या संकेतांच्या माळेतली कुठली माळ ‘हीच ती’ म्हणून त्याला कळेल? उत्तर मांडण्यासाठी त्याने जी चिन्हं वापरली त्यांत ही तारका होती. आजही तिला क्लेनीची तारका म्हणतात. निबंध १९५६मध्ये छापून आला. पुढे १९६८ साली केन थॉम्प्सनने ती चिन्हं मजकूर शोधायला लावली.

त्यानंतरची एक गोष्ट मला सूचीकार म्हणून फार जवळची वाटते. अमेरिकेच्या राज्यघटनेची बाजू मांडणारे ८५ लेख १७८७-८८मध्ये ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने प्रसिद्ध झाले होते. लिहिणारे होते तिघे, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. आणि काही लेख नेमके कुणाचे यावर पुढे वाद होता. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमहॉनला त्या लेखांतले शब्दप्रयोग तपासून लेखक ओळखायचा होता. पण सगळा मजकूर तेव्हाच्या एडिटरमध्ये मावेना. म्हणून थॉम्प्सनने एडिटरमधला शोधणारा भाग सोडवून त्याचा वेगळा प्रोग्रॅम केला, तो ग्रेप, असं त्यांचा सहकारी ब्रायन कर्निहन सांगतो. आज जगभरचे प्रोग्रामर दिवसातून अनेकदा ग्रेप वापरतात ते सर्व्हरच्या नोंदी चाळायला. त्याच्या मुळाशी, हे वाक्य कुणाच्या हातचं, असा एक शुद्ध साहित्यिक, काहीसा भांडखोर प्रश्न होता. मराठीत तो प्रश्न कुणी कुणाला विचारला असता तर चर्चासत्र झालं असतं.

क्लेनीच्या त्या जाळ्याची, म्हणजे साचा ओळखणाऱ्या यंत्राची, स्मृती फार विचित्र आहे. ते एकेक अक्षर वाचत जातं आणि मोजक्या अवस्थांपैकी कुठल्या तरी एकीत उभं असतं. आपण कुठे उभे आहोत एवढं त्याला कळतं. इथवर कुठल्या वाटेने आलो ते कळत नाही. त्यामुळे कंसात कंस, त्यात आणखी कंस असं कितीही खोल जाणारं काही त्याला नीट मिटवता येत नाही. किती उघडले याचा हिशेब ठेवायला त्याच्याकडे वही नाही. पंचतंत्रात करटक दमनकाला गोष्ट सांगतो, गोष्टीतला प्राणी दुसऱ्याला गोष्ट सांगतो, आणि आपण लहानपणी अर्धवट झोपेतसुद्धा बरोबर बाहेर येतो. ते यंत्र आत कुठे तरी राहिलं असतं. गंमत अशी, की पुढच्या पिढ्यांनी त्याला थोडी वही दिली. पर्ल ही भाषा असो, पायथॉन असो, आजच्या रेजेक्सला कंसात धरलेला मजकूर लक्षात ठेवता येतो आणि पुढे ‘मघाशी धरलं होतं तेच पुन्हा’ असं म्हणता येतं. गणिताच्या काटेकोर नजरेतून हे क्लेनीचं घर सोडून जाणं आहे. मला मात्र या आज्ञाभंगाचा पुढे फार उपयोग झाला.

त्याआधी नैपुण्याचं सांगायचं राहिलं. निपुण गेले होते, पण ‘नैपुण्याने’ अजून यादीत होतं, कारण त्याच्या पोटात सरळ ‘पुण्या’ आहे. यावर उपाय असतो. शब्दाची सीमा सांगणारं एक चिन्ह आहे, बॅकस्लॅश बी. ते ‘पुण’च्या आधी लावलं, म्हणजे शब्द इथूनच सुरू व्हायला हवा. काहीही बदललं नाही. नैपुण्य तिथेच. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, पायथॉनला मात्रा म्हणजे अक्षर वाटत नाही गं. ‘नै’ची मात्रा आली की त्याच्या लेखी शब्द तिथेच संपला. बॅकस्लॅश डब्ल्यू लावून बघ, मग कळेल.”

बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे शब्दात बसणारं अक्षर. ते चिन्ह लावून एका पानाचे शब्द वेगळे करायला सांगितलं आणि पडद्याकडे बघत राहिले. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं गळालं होतं. युनिकोडच्या वर्गवारीत ही अक्षरं नव्हेत, अक्षरांना लागणारी चिन्हं. आणि पायथॉनचा हा साचा अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच धरतो. ‘मराठी’चे झाले होते ‘मर’ आणि ‘ठ’. साताऱ्यातला सातारा स, त, र असा तीन ठिकाणी पडला होता. बाबा म्हणजे ब आणि ब. काका क आणि क. आई मात्र जशीच्या तशी होती, कारण तिच्यात दोन्ही स्वर स्वतःच्या पायावर उभे आहेत, कुणाला टेकलेले नाहीत. आजीची झाली होती ‘आज’. फणस, गवत, कमळ, घर, नगर, शहर यांना धक्काही लागला नव्हता. मी बराच वेळ ते पान वाचत होते. मराठीतलं काय काय बिनकान्याचं आहे ते एरवी कोण बघतं! पर्लमध्ये हीच आज्ञा मात्रांना शब्दातच ठेवते. पर्ल रचणाऱ्या लॅरी वॉलचं शिक्षण भाषाशास्त्रातलं, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

शेवटी सरळ हिशेब केला. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला आहे. शब्द म्हणजे त्या पट्ट्यातलं सलग काहीही, असं स्वतःच सांगितलं, आणि ‘पुण’च्या आधी त्या पट्ट्यातलं काही नको अशी अट घातली. नैपुण्य गेलं. उरलं पुण्य. ‘पुण्याचा’ म्हणजे शहराचा की सत्कृत्याचा, हे कुठल्याच चिन्हाने सांगता येत नाही, कारण अक्षरं तीच, क्रम तोच. तिथे मात्र एकेक वाक्य वाचत बसावं लागलं. काही वाक्यं वाचूनही ठरेनात. एका कीर्तनकाराने दोन्ही अर्थ मुद्दाम ठेवले होते. साताऱ्याने वेगळाच त्रास दिला. ‘साताऱ्यात’मधला तो पापणीसारखा ‘र’ काही फाईलींत ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडून लिहिला होता, काहींत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सातारे हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळी गावं.

अशा कामात असताना पाणिनीची आठवण येते, आणि आली की मी जरा सावध होते. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचं नासाने मान्य केलं आहे, हा निरोप दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतंच. त्या वरातीत मला जायचं नाही. पण एक गोष्ट खरीच थक्क करते. पाणिनी एका मांडणीतलं पहिलं अक्षर आणि शेवटची खूण एवढंच सांगून मधल्या सगळ्या अक्षरांचा गट उभा करतो, चौकटी कंसातल्या ‘इथपासून इथपर्यंत’ची तीच युक्ती. आणि बदल सांगताना तो विभक्तीच कामाला लावतो. ज्याच्या जागी बदल करायचा ते षष्ठीत, जे पुढे असलं पाहिजे ते सप्तमीत, जे मागे असलं पाहिजे ते पंचमीत. इति आणि आदि मिळून इत्यादि होतं, सु आणि आगत मिळून स्वागत, ते याच मांडणीने: इ-उच्या जागी य-व, पुढे वेगळा स्वर असेल तर. आजच्या रेजेक्समध्ये पुढे डोकावून बघणारी आणि मागे वळून बघणारी अशी वेगळी चिन्हं आहेत, दिसायला ओबडधोबड, कंस-प्रश्नचिन्ह-बरोबर अशी. तेच काम सप्तमीचा एक प्रत्यय करून जातो, हे मला त्या निरोपापेक्षा पुष्कळ जास्त सुखावतं.

सूची मार्गी लागली, आणि मग हातात हत्यार आल्यावर जे होतं ते झालं. मी नसती कामं शोधू लागले. मराठी माणूस ‘चहाबिहा’ म्हणतो. या ‘बि’ने मजकुरात कुठे कुठे हजेरी लावली आहे ते बघावंसं वाटलं. नावाने शोधणं शक्यच नव्हतं, कारण हे शब्द कोशात नसतात, बोलता बोलता तयार होतात. पण साचा पक्का आहे. कुठलंही पहिलं अक्षर सोडून द्यायचं, त्याच्या काना-मात्रेसकट. उरलेलं कंसात धरायचं. मग असल्यास मोकळी जागा किंवा संयोगरेषा, मग ‘बि’, आणि मग मघाशी धरलं होतं तेच पुन्हा. तीच ती क्लेनीचं घर सोडून आलेली आज्ञा.

यादी आली ती वाचताना मी खुर्चीत मागे टेकून बसले. चहाबिहा होता, पुस्तकबिस्तक, पगारबिगार, लग्नबिग्न. देवबिव, नवसबिवस, भूतबित, सगळे एका रांगेत. अग्रलेखांत हा ‘बि’ कुठे नाही, श्रद्धांजल्यांत नाही, परिसंवादात तर नाहीच. कथांच्या संवादांत आहे, विनोदी लेखांत आहे आणि वाचकांच्या पत्रांत आहे. अशाच एका जुन्या पत्रात एका गृहस्थांनी वर्गणी पाठवायला उशीर झाल्याबद्दल कळवलं होतं, की पत्नी आजारी आहे, पण ऑपरेशनबिपरेशन लागणार नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांच्या पुढच्या पत्रांची फाईल माझ्याकडे नव्हती. मी शोधली. आणि त्याच यादीत, चहाबिहाच्या खालोखाल, हॉटेल बिल होतं. मोबाईल बिलही. कसं ते क्षणभर कळेना. मग बघितलं: ‘टे’ सोडून दिला, ‘ल’ धरला, मोकळी जागा, ‘बि’, आणि पुन्हा ‘ल’. साच्यात चपखल. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्यांना यादीतून काढलं नाही.

मग साचा आणखी सैल केला, ‘बि’ऐवजी कुठलंही अक्षर चालेल म्हटलं. अघळपघळ आलं, अधूनमधून, इकडेतिकडे, शेजारीपाजारी. न आलेले शब्द मला नंतर आठवत राहिले. केरकचरा आला नाही. मीठभाकर आली नाही, बाजारहाट नाही. यांची जोडी अक्षरांनी जुळलेलीच नाही. ती कुठे तरी स्वयंपाकघरात, रस्त्यावर, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उच्चारल्याने जुळलेली आहे, आणि त्याला कंस कुठे घालणार?

हे मी आमच्या ज्येष्ठ संपादकांना सांगितलं. ते संगणकाला हात लावत नाहीत, पण माझ्या खुर्चीमागे उभं राहून बघायला त्यांना आवडतं. म्हणाले, “मग एक कर. पावसावर लिहिलेलं, पण ज्यात पाऊस हा शब्द आलेला नाही, असं काय काय आहे ते काढून दे. पुढच्या अंकाला वापरू.”

अर्धं काम सोपं आहे. ‘पा’, आणि पुढे एक तर ‘ऊस’ नाही तर ‘वस’. हे ज्या लेखात एकदाही येत नाही ते लेख बाजूला काढले. त्यांत पाऊस शोधायचा तर त्याच्या आसपासचं सगळं शब्दांनी सांगावं लागतं, मधे उभ्या रेघा टाकत. छत्री, रेनकोट, चिखल, शेवाळ, पागोळ्या, इरलं, झड. ‘झड’ घातल्यावर पोलिसांच्या झडत्या आल्या. ‘ओल’ घातल्यावर ओलीस धरलेले प्रवासी आले आणि उंबरठा ओलांडणाऱ्या कितीतरी नायिका. ते आवरलं. मग संपादक म्हणाले, “वाळत न घातलेले कपडे.” मी म्हटलं, “सर, न घातलेले कसे शोधू? न वाळलेले म्हणा.” ते मान्य झालं. दिवे जाणं घातलं, मग काढलं, कारण दिवे आपल्याकडे कधीही जातात. गळती राहिली, तिच्याबरोबर केसांची आणि परीक्षेची गळतीही राहिली. ओळ आता पडद्यावर मावत नाही, उजवीकडे सरकवून वाचावी लागते.

“आणि भजी?” त्यांनी काल विचारलं.

मी म्हटलं, “सर, भजी बारा महिने असतात.”

“कांदाभजी म्हणतोय मी.”

भजी घालायची की नाही यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.